घडीच्या चाकूला दमास्कसचं पातं: स्टेनलेस की कार्बन?

खाडीकाठ:
माझं मत आधीच सांगून टाकतो, मग तुटून पडा. घडीच्या चाकूला दमास्कस (दोन पोलादांचे थर जोडून केलेलं नक्षीदार पातं) हवंच असेल तर स्टेनलेस घ्या. कार्बनवालं, म्हणजे साध्या, गंजणाऱ्या पोलादाचं, स्वयंपाकाच्या सुरीला शोभतं. कापलं, पुसलं, तेलाचं बोट फिरवलं, झालं काम. घडीचं पातं मिटून मुठीत जातं. पिव्हटपाशी, म्हणजे पातं जिच्याभोवती फिरतं त्या खिळीपाशी, घाम, लिंबाचा रस, खिशातला कचरा साठतो आणि तिथे फडकं पोचत नाही. रत्नागिरीच्या जुलैत तिथे तांबूस कड यायला वेळ लागत नाही.

स्वीडनमध्ये सॉदरफोर्सला दमास्टील नावाचं स्टेनलेस दमास्कस बनतं ते बघा. वितळलेलं पोलाद वायूच्या झोतात फोडून भुकटी करतात. दोन जातींची भुकटी डब्यात थरांनी भरतात, उष्णता आणि दाब देऊन एकजीव करतात आणि त्यानंतर घडाई, पीळ वगैरे. साध्या भट्टीत स्टेनलेसचे थर जोडणं कटकटीचं, कारण क्रोमियमचा ऑक्साइड आड येतो आणि टाकणखार त्याला पुरत नाही.

भाता_ऐरण:
सगळं मान्य, पण दमास्कस माणूस घेतो कशासाठी? नक्षीसाठी ना? १०९५ आणि १५एन२० या कार्बनवाल्या पोलादांची जोडी फेरिक क्लोराइडमध्ये (पोलाद खाणारं रसायन) बुडवा. १०९५ काळंकुट्ट होतं. १५एन२० मध्ये साधारण २ टक्के निकेल, ते लख्ख राहतं. तुमच्या दमास्टीलच्या आरडब्ल्यूएल ३४ आणि पीएमसी २७ या दोन जातींमध्ये दोन्हीकडे क्रोमियम १३-१४ टक्के, म्हणजे करड्यावर करडं. हात लांब करून धरलं की साधं पातं वाटतं. एवढे पैसे मोजून?

खाडीकाठ:
करड्यावर करडं हे उथळ एचिंगचं, म्हणजे रसायनाने कमी खाल्लेल्या पात्याचं. खोल एच केलं तर थर नखाला लागतात.

एडिसनकर:
भाता_ऐरण यांच्या बाजूने. अमेरिकेत ही कला पुन्हा लोकांसमोर आली ती सुरे घडवणारे बिल मोरान यांनी १९७३ मध्ये दमास्कसचे सुरे प्रदर्शनात मांडले तेव्हा. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत मास्टर स्मिथ व्हायचं तर परीक्षेचा सुरा किमान ३०० थरांच्या दमास्कसचा लागतो. दोर तोडायचा, लाकूड फोडायचं, त्यानंतरही हातावरचे केस निघाले पाहिजेत आणि शेवटी पातं ९० अंश वाकवायचं. शिवाय मऊ-कडक थरांमुळे धारेला बारीक करवतीसारखे दात येतात ते वेगळंच.

खाडीकाठ:
वाकवायची परीक्षा सरळ सुऱ्याची. सात-आठ सेंटिमीटरचं घडीचं पातं कोण वाकवतंय? पातं वाकायच्या आधी ते उघडं धरून ठेवणारं लॉक जाईल.

टोकदार_काका:
एडिसनकर, करवतीचं तेवढं सोडा. जोडणीच्या तापमानाला कार्बन एका थरातून दुसऱ्यात सरकतो. थर पातळ झाले की तो जवळपास सारखाच होऊन जातो. निकेल आणि मँगनीज जागचे फारसे हलत नाहीत, म्हणून नक्षी दिसते. धार टिकते ती पाणी कसं दिलंय त्यावर.

आणि छोट्या पात्यावर ३०० थर कोंबू नयेत. गिचमिड होते. थेंबांची नक्षी करायला पट्टीवर उथळ खड्डे पाडतात आणि ठोकून सपाट करतात; शिडीच्या नक्षीला आडव्या खाचा. त्या खड्ड्यांतलं अंतर सुऱ्याच्या मापाचं ठेवलं तर घडीच्या पात्यावर जेमतेम अडीच थेंब येतात. पिळाची नक्षी लहान पात्याला सगळ्यात बरी. हे स्टेनलेस असो वा कार्बन.

भाता_ऐरण:
दुरुस्तीचं कोणीच बोलेना. कार्बनची नक्षी झिजली तर घरी परत आणता येते. पातं सोडवायचं, ६०० पासून २००० पर्यंत पॉलिश पेपर, पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटं, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी. पिव्हटचं भोक आणि वॉशरची जागा आधी नेलपॉलिशने झाकायची, नाहीतर ती खरखरीत होऊन पातं अडकत उघडतं. फेरिक क्लोराइड पुण्याच्या तपकीर गल्लीत सर्किट बोर्डासाठी मिळतंच. तुमच्या स्टेनलेसला बऱ्याचदा तेच गरम करून किंवा याहून जहाल ॲसिड लागतं. ते मी गच्चीवर करणार नाही.

खाडीकाठ:
घरी दुरुस्त करता येतं म्हणजे वारंवार करावं लागतं! माझा चाकू पावसात भिजतो, मी उघडून झटकतो आणि खिशात टाकतो.

टोकदार_काका:
झटकून खिशात? स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नव्हे. खारं पाणी एच केलेल्या खाचांत सुकलं तर त्यालाही ठिपके पडतात. गोड्या पाण्याने धुवायलाच हवं.

एडिसनकर:
पिव्हटला तेल कोणतं? घरात खोबरेल आहे.

भाता_ऐरण:
खोबरेल नको, तुमच्या अमेरिकेतल्या एडिसनच्या थंडीत थिजेल आणि पुढे चिकट होईल. शिवणयंत्राचं तेल, एक थेंब. आणि खाडीकाठ, पिव्हटचा स्क्रू सोडून महिन्याला एकदा पुसला असतात तर हा धागाच निघाला नसता.

खाडीकाठ:
महिन्याला एकदा स्क्रू सोडायचा असेल तर तो चाकू माझ्या खिशातला नाही, तुमच्या कपाटातला. मुद्दा हाच तर आहे.