देवीच्या मिरवणुकीतली लाठी आणि पांदणीतला बचाव: सरावाचा वेळ कसा वाटून द्यायचा?

पांदणवाट (दर्यापूर तालुका):
गावच्या आखाड्यात आठवी ते बारावीच्या वीसेक पोरी येतात. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. मंडळाला नवरात्रात लाठी, दांडपट्टा न् पेटती बनेठी (टोकांना पेटते बोळे बांधलेली फिरवायची काठी) पाहिजे. पालकांचं म्हणणं, फाट्यावरून पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेनं, गावात येताना पोरींना उपयोगी पडेल ते शिकवा. वेळ तेवढाच आहे. कशाला किती द्यायचा?

वऱ्हाडी गडी:
भाऊ, दीड तासातला तास बचावाला द्या, उरलेला प्रात्यक्षिकाला. मिरवणुकीच्या आधीचे दोन आठवडे उलटं करा.

बचावात डाव पाचच ठेवा, पण समोरच्याला खरा जोर लावू द्या. आपल्याकडं जोडीदार हात धरतो न् लगेच सोडतो, म्हणून सगळे डाव चालतात असं वाटतं. मनगट धरलं की पोरी हात मागं ओढतात. तिथं ताकदीचीच गाठ पडते न् ताकदवान जिंकतो. धरणाऱ्याचा अंगठा न् बोटं जिथं मिळतात ती फट कच्ची असते. मूठ वळायची, मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर आणायची, एक पाऊल त्याच्याच अंगावर टाकायचं, आपलं कोपर त्याच्या कोपराकडं रेटायचं. हात आपसूक निसटतो. पाऊल आत टाकलं नाही तर निसटत नाही, नव्वद टक्के पोरींचं इथंच चुकते. आधी हलकी पकड, मग अर्धा जोर, मग पूर्ण, दोन्ही हातांनी.

मारायचं तर मूठ नको, करंगळीकडची हाडं मोडतात. तळव्याचा खालचा टणक भाग, हनुवटीखाली किंवा नाकावर. लाथ गुडघ्याच्या वर नेऊ नका. पावसाळ्यात काळ्या मातीत एका पायावर उभं राहिलं की माणूस आडवाच. हे सगळं दप्तर पाठीवर, चप्पल पायात न् ओढणी अंगावर घेऊन करून घ्या. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनानं टाचली असली तर ओढताच गळ्याला फास बसतो.

काळीमाती:
लाठीबद्दल थोडं. साडेपाच फुटी लाठी गरगर फिरवायला चहूबाजूंनी सहा फूट मोकळं लागते. दोन्हीकडं बाभळी न् काट्याचं कुंपण असलेल्या पांदणीत पहिल्याच फेऱ्यात ती अडकते. तिथं तीन-साडेतीन फुटी काठी बरी, दोन्ही हातांत धरून टोकानं सरळ ढोसायचं, पोटात किंवा छातीत. लगेच मागं ओढायची, नाहीतर समोरचा टोक धरते. जोडीनं सराव करताना टोकाला गोधडीच्या चिंध्या बांधा.

अंबानगरी:
दादा, प्रात्यक्षिकाला एवढं हलकं नका घेऊ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले होते, ते काय नुसतं नाचणं होतं? लाठी फिरवून मनगट, खांदा न् पवित्रा तयार होतो. शिवाय चारशे लोकांसमोर उभं राहणारी पोरगी रस्त्यावर ओरडायला लाजत नाही.

फक्त पेटती बनेठी अठराच्या खाली कुणाच्या हातात देऊ नका. बोळे सुती कापडाचे, तारेनं आवळलेले. रॉकेलात बुडवल्यावर गच्च पिळा, नाहीतर फिरवताना पेटते थेंब उडतात. अंगावर सुतीच कपडे, केस बांधलेले, ओलं पोतं हाताशी.

पांदणवाट:
पटलं. बनेठी मोठ्या पोरांकडं देतो. पालक विचारतात, पोरीनं मारलं न् समोरच्याला लागलं तर केस होते का?

वऱ्हाडी गडी:
भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. मुख्य अट, गरजेपुरतंच मारायचं. हात सुटला, समोरचा मागं हटला, तरी मारत राहिलं तर अडचण. म्हणून प्रत्येक डावाच्या शेवटी पोरींना वीस पावलं पळायला लावा, जोरात ओरडत, न् पळायचं ते उजेडाकडं. थांबल्यावर पहिला फोन 112 ला, घरी नंतर.