दोन मजली ऑफिस, मॉड्यूल एकमेकांना जोडतात कसे?

खानापूरकर: रोडला लागून जागा हाय, फॅक्टरीत तयार झालेले स्टीलचे चार मॉड्यूल (खोलीसारखे तयार डबे) आणायचे, खाली दोन वर दोन. नुसते एकावर एक ठेवून चालतंय काय ओ? वेल्डिंग मारून टाकलं तर?

उद्यमबाग_फॅब्रिकेटर: नुसतं ठेवून नाही चालत, वारा आणि भूकंपाचा आडवा जोर असतोय की. खालच्या कॉलमच्या डोक्यावर प्लेट, प्लेटवर निमुळती पिन, क्रेनने वरचा मॉड्यूल उतरवताना त्याच्या पोकळ कॉलमात पिन घुसते आणि तो आपोआप जागेवर बसतो, मग बोल्ट. शेजारच्या कॉलमांना एकच टाय प्लेट (दोघांना बांधणारी जोडपट्टी) घालतात. बोल्ट 8.8 ग्रेडचे घ्या, म्हणजे ताणशक्ती 800 एमपीए (मेगापास्कल). आणि पाना फिरवायला कॉलमला हात जाईल एवढी खिडकी आहे का ते ड्रॉइंगमध्येच बघा, सगळे तिथंच अडकतात! साइटवर वेल्डिंग केलं तर गॅल्व्हनायझिंग (गंज रोखणारा जस्ताचा थर) जळतं, इन्सुलेशनला आगीची भीती, परत उचलून न्यायचं म्हटलं तर कापत बसा.

सिव्हिल_टिळकवाडी: वरचं बरोबर, पण पायाची लेव्हल आधी चेक करा. खाली चार-पाच एमएमचा फरक राहिला की वर पिन भोकात जातच नाही, म्हणून बेसप्लेटखाली (कॉलमच्या तळाच्या प्लेटखाली) शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, आणि ग्राउट म्हणजे फटीत भरायचा घट्ट होणारा मसाला.

खानापूरकर: आणि पाऊस? आमच्याकडं तो कसा पडतो ठाऊकच हाय.

उद्यमबाग_फॅब्रिकेटर: दोन मॉड्यूलच्या फटीत ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) गॅस्केट, छतावर जॉइंटभर पत्र्याचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी आत न जाऊ देणारी झाकणपट्टी. नुसत्या सिलिकॉनवर भागवतो म्हणणाऱ्याला काम देऊ नका.