'बॉडीगार्ड'चा शेवट: खुनी सापडला, पण सत्तेचा प्रश्न कुठे गेला?

मांडवीकाठ
शेवट उघड करून लिहितोय. मालिका पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावं.

बीबीसीची 'बॉडीगार्ड' २०१८ची, सहा भागांची, जेड मर्क्युरिओने लिहिलेली. आपल्याकडे ती नेटफ्लिक्समुळे पोचली. पणजीत आम्ही काही शेजाऱ्यांनी ती एकत्र बसून संपवली आणि शेवटच्या भागावरून जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

अफगाणिस्तानात लढून आलेला डेव्हिड बड लंडन पोलिसांत अंगरक्षक आहे. ज्या जूलिया मॉन्टेग्यूने त्या युद्धाच्या बाजूने मत दिलं, ती आता गृहमंत्री आहे आणि तिलाच सांभाळायचं काम त्याच्याकडे येतं. तिला नागरिकांवर पाळत ठेवण्याचे जादा अधिकार देणारा कायदा हवा आहे. गुप्तचर खातं तिला पंतप्रधानांची लफडी भरलेला टॅब्लेट पुरवतं. दहशतवादविरोधी पोलिसांची प्रमुख अस्वस्थ आहे, कारण तिच्या हातातली सूत्रं निसटतायत. तिसऱ्या भागात भाषण चालू असताना स्फोट होतो आणि चौथ्या भागात मॉन्टेग्यू गेल्याचं कळतं.

पाच भाग मालिका एकच विचारते: राखणदारांवर राखण कोणाची? आणि सहाव्या भागात उत्तर येतं, ल्यूक एकन्स नावाच्या टोळीप्रमुखाची! नव्या कायद्याने त्याच्या धंद्यावर गदा येणार होती, म्हणून त्याने तिला संपवलं. बडची वरिष्ठ क्रॅडॉक त्याला आतल्या बातम्या विकत होती. मंत्रालयात सुरू झालेला गुन्हा गुंडाच्या दारात नेऊन ठेवला, की मंत्रालय आपोआप मोकळं. ज्या कायद्यापायी सगळं घडलं, तो बरा की वाईट हा प्रश्न मागे पडतो तो पडतोच. मला हा शेवट भित्रा वाटला.

फोंडेकर
अजिबात पटलं नाही. लेखकाने डाव प्रामाणिकपणे मांडला आहे. बडची मुलं कुठल्या शाळेत जातात हे ठाऊक असलेली माणसं किती? शाळेवर हल्ला ठरला तेव्हाच बातमी पोलिसांच्या आतून फुटली हे कळायला हवं होतं. क्रॅडॉक पहिल्या भागापासून समोर आहे, शांत, कामसू, आपल्या माणसाची विचारपूस करणारी. आपण बड्या साहेबांकडे पाहत राहिलो आणि मधल्या फळीतली बाई सुटली. हे उत्तम रहस्यलेखन आहे.

आणि गुप्तचर खातं मोकळं कुठे सुटलं? हॉटेलच्या सीसीटीव्हीतून त्यांचाच माणूस लाँगक्रॉस कोणी पुसला? त्यांनी खून केला नाही, पण स्वतःची अब्रू वाचवायला तपास आंधळा केला. एकाने बातमी विकली, एकाने चित्रण पुसलं, आणि खुर्ची रिकामी झाली तशी तिच्याच हाताखालचा मंत्री तिथे जाऊन बसला. मोठा सूत्रधार कोणीच नाही. प्रत्येकाने आपापला छोटा स्वार्थ साधला आणि बेरीज एका बाईच्या मरणात झाली. यापेक्षा राजकीय शेवट कोणता हवा?

मांडवीकाठ
फोंडेकर, हा मुद्दा तुम्ही मालिकेपेक्षा चांगला मांडलात. तेच पडद्यावर दिसलं असतं तर मी वाद घातला नसता. पडद्यावर वेळ कशाला मिळाला ते बघा. स्फोटकांचं जाकीट अंगात अडकलेला बड, हातात बटण, सुटलं की स्फोट. तो प्रसंग थरारक आहे, माझेही तळवे घामेजले. पण तो संपतो तेव्हा हिशेब चुकता करायला काहीच मिनिटं उरतात आणि कबुलीजबाब भराभर उरकले जातात.

आपण गोव्यात राहतो म्हणून हे मला जास्त खुपतं. आपल्याकडे कुठला कट लपून झाला? जुलै २०१९मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपात गेले आणि विरोधी पक्षनेता उपमुख्यमंत्री झाला. २०२२च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन एकनिष्ठेच्या शपथा दिल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. दोन्ही वेळा आकडा दोन तृतीयांशाच्या खाली आला नाही, कारण राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत विलीनीकरणाची वाट तेवढ्यावरच उघडते. टॅब्लेट नाही, बॉम्ब नाही, सगळं कॅमेऱ्यासमोर. राजकारणावरच्या मालिकेने कायद्याच्या चौकटीत बसून सत्ता कशी वाकवली जाते तिथे हात घालायला हवा. सगळं खापर गुंडावर फोडलं की प्रेक्षक निर्धास्त झोपतो.

सांखळीवाली
तुम्ही दोघं खुर्च्यांबद्दलच बोलताय. मला नादियाबद्दल बोलायचं आहे.

सुरुवातीचा आगगाडीतला प्रसंग आठवा. शौचालयात लपलेली, अंगावर स्फोटकं बांधलेली, थरथरणारी, नवऱ्याच्या दहशतीखाली असलेली मुसलमान बाई. बड तिला बोलतं करतो, स्वतः मध्ये उभा राहून तिच्यावर गोळी चालू देत नाही. शेवटी कळतं की बॉम्ब तिनेच बनवले, ती इंजिनियर आहे, आणि सगळ्यांनी तिला अबला समजावं हेच तिला हवं होतं. तिने ते टोळीला विकले, पैसा जिहादसाठी. त्या क्षणी मी टाळी वाजवली. पोलीस, मंत्री, बड आणि आपण प्रेक्षक, सगळ्यांनी तिची कीव केली होती. 'बिचारी' म्हणून बाईची अक्कल नाकारणं हा काय प्रकार असतो ते आपल्या घरांत पाहिलंय आम्ही. एकन्स फिका आहे हे मान्य. नादिया नाही.

मडगावची वाचक
ताई, तुमच्या टाळीमागची भावना कळते, पण मला त्याच प्रसंगात उठून जावंसं वाटलं.

ब्रिटनमध्ये २०१८मध्येच 'रिझ टेस्ट' नावाची कसोटी निघाली. नट रिझ अहमदने आदल्या वर्षी ब्रिटिश संसदेत दिलेल्या भाषणातून ती सुचली. पडद्यावरचं मुसलमान पात्र दहशतवादी आहे का, अकारण संतापी आहे का, मागासलेलं आहे का, पाश्चात्त्य जगण्याला धोका म्हणून दाखवलंय का, पुरुष असेल तर बायकांचा द्वेष्टा आणि बाई असेल तर पुरुषाच्या टाचेखाली आहे का, असे तिचे प्रश्न. नादिया पहिल्या भागात टाचेखालची आणि शेवटच्या भागात दहशतवादी. मालिकेने तिला एका साच्यातून काढून दुसऱ्यात बसवलं. हुशार बाई म्हणून तिला जागा मिळाली ती खुनाच्याच कामात!

शेवटचा भाग लागला त्या रात्री ब्रिटनमध्ये सरासरी १ कोटी ४ लाख लोक तो पाहत होते. एवढ्या मोठ्या संख्येला शिकवण काय मिळाली? रडणाऱ्या मुसलमान बाईवर विश्वास टाकू नका. मडगावात माझ्या वर्गात नादिया नावाची मुलगी होती आणि आमच्या वाड्यावर मशीद आहे. मला हे दूरच्या देशातलं म्हणून बाजूला सारता येत नाही.

सांखळीवाली
मशिदीच्या शेजारी राहून तुम्हाला जे जाणवतं ते मला खोटं ठरवायचं नाही. पण मग मुसलमान पात्राने खलनायक व्हायचंच नाही का? त्याच मालिकेत तपास करणारा शर्मा आहे, पोलिसांची प्रमुख बाई आहे, गृहमंत्री बाई आहे. भल्याबुऱ्या सगळ्या जागा बायकांना दिल्यात.

मडगावची वाचक
व्हावं की. पण त्याच कथेत एखादं मुसलमान माणूस साधं, सरळही असावं आणि ते जिवंत उरावं. मंत्र्याच्या कचेरीतला ताहिर तसा होता. तो स्फोटात गेला आणि काही काळ संशय त्याच्याच नावावर राहिला.

माटोळी
मी पेडण्याचा, जत्रेच्या नाटकांत काम करणारा, म्हणून प्रेक्षकाच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे देवळासमोर नाटक पहाटेपर्यंत चालतं. शेवटच्या अंकात खलपुरुष पडला नाही तर लोक उठत नाहीत, आणि तो कोणीतरी तिसराच निघाला तर नट रंगपटात जाईपर्यंत पाठ सोडत नाहीत. मांडवीकाठचा राग मला तसाच वाटतो. त्यांना मोठा माणूस पडलेला पाहायचा होता.

मर्क्युरिओची दुसरी पोलीस मालिका 'लाइन ऑफ ड्यूटी' पाहिलीय का? मे २०२१मध्ये सहाव्या पर्वाचा शेवट लागला. वर्षानुवर्षं ज्या भ्रष्ट अधिकाऱ्याचा शोध चालला होता, तो निघाला बकल्स, एक सुमार, कामचुकार अधिकारी. लोक भडकले. मला मात्र तो शेवट पटला. सुमार माणसं वर चढत राहतात आणि यंत्रणा त्यांना सांभाळून घेते, हे त्याने धाडसाने दाखवलं. 'बॉडीगार्ड'मधली क्रॅडॉक त्याच कुळातली.

आणि बडबद्दल कोणीच कसं बोललं नाही? सहा भाग तो आतून फुटलेला आहे. सोबत लढलेला मित्र त्याच्या समोर मरतो, पुढे तो स्वतःच्या डोक्याला पिस्तूल लावतो. शेवटी तो समुपदेशकासमोर बसतो आणि मदत हवी म्हणतो. माझ्या मते खरा शेवट तो. एकन्सला बेड्या पडणं दुय्यम.

मांडवीकाठ
माटोळी, बकल्सचं उदाहरण चपखल आहे, पण ते माझ्या बाजूचं. बकल्सला सांभाळून घेणारी यंत्रणा तिथे शेवटपर्यंत पडद्यावर उभी आहे आणि तिला उत्तर द्यायचं नाही हेही दिसतं. क्रॅडॉकच्या मागे कोणीच नाही. तिने पैसे घेतले, ती सापडली, दार बंद.

बडने मदत मागणं मलाही भिडलं. फक्त त्याला ज्या युद्धाने मोडलं, त्या युद्धाला मत देणाऱ्यांपैकी एकटी मॉन्टेग्यू पडद्यावर होती. तिला मालिकेच्या मध्यावरच मारून टाकल्यावर त्याने तो प्रश्न कोणाला विचारायचा?

फोंडेकर
हा मात्र प्रश्न आहे. उद्या तिसरा भाग पुन्हा लावतो. ती आणि बड युद्धाबद्दल नेमकं काय बोलतात ते नीट ऐकून लिहितो. तोवर एकन्सबद्दलचं माझं म्हणणं कायम आहे.