हौस म्हणून गेलो, काम मिळालं

'युवा रेडिओवर हौस भागते, पण पुढे काय?' या नेहमीच्या प्रश्नावर थोडी भर घालतो. युवा रेडिओ म्हणजे तरुणांनीच चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र. काम मिळतं, पण बहुधा ज्यासाठी गेलो ते नाही. मी निवेदक व्हायला गेलो आणि एडिटिंगला चिकटलो. मुलाखतीतले 'म्हणजे', 'ॲक्चुअली' कापायचे, पण श्वास ठेवायचे; तेही कापले की माणूस यंत्रासारखा बोलतो. 'प', 'फ', 'भ' माईकवर फाडकन आपटतात, म्हणून माईक तोंडासमोर न धरता जरा तिरका ठेवायचा. हे तिथे फुकटात शिकलो आणि पुढे पॉडकास्टवाले त्याचेच पैसे द्यायला लागले. (वेळेवर देतात असं म्हणत नाही!)

श्रोत्यांचं म्हणाल तर छोट्या ट्रान्समीटरचा आवाज मोजक्या किलोमीटरपर्यंतच जातो. पण त्यामुळेच ऐकणारा ओळखीचा निघतो आणि चुकलेला उच्चार सरळ फोन करून सुधारतो. आम्ही परीक्षेच्या ताणावर मुलांसाठी बोलायचो, फोन यायचे त्यांच्या आयांचे. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात १९४०च्या दशकाअखेरीस खाणकामगारांनी स्वतःची रेडिओ केंद्रं काढली, तीही आपल्याच माणसांसाठी.

एक करा, केंद्राला विचारून आपल्या कार्यक्रमांच्या फाइल्स जपून ठेवा. काम मागताना बायोडेटा कुणी वाचत नाही, दोन मिनिटं ऐकतात मात्र.