श्वेबिश आल्बमधले किल्ले आणि गढ्या : तुमचे अनुभव इथे लिहा

श्टुटगार्ट, ट्युबिंगेन, उल्म या पट्ट्यात आता मराठी घरं भरपूर झालीत आणि दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, आईबाबा आलेत, एखादा जर्मन किल्ला दाखवायचाय, कुठे नेऊ? आणि उत्तर ठरलेलं असतं, नॉयश्वानस्टाईन. म्हणजे पार बव्हेरियात जायचं, तासन्‌तास गर्दीत उभं राहायचं. अहो, आपल्या दाराशी अख्खी श्वेबिश आल्ब ही डोंगररांग पसरलीय! खेडी, मेंढ्या, मसुराची शेतं आणि कड्याच्या जवळजवळ प्रत्येक नाकावर काही ना काही बांधलेलं. म्हणून हा धागा. कुठे गेलात, कसे गेलात, काय बघितलं, म्हातारी माणसं आणि पोरं यांना झेपेल का, सगळं लिहा. फोटो टाका, पण माहिती जास्त लिहा.

मी सुरुवात करते होहेनत्सोलर्नपासून, कारण सगळ्यात आधी तोच दिसतो. हेशिंगेन जवळ आलं की ट्रेनच्या खिडकीतून एक सुटा डोंगर दिसतो, ८५५ मीटर, आणि त्याच्या डोक्यावर बुरुजच बुरुज. सासूसासऱ्यांना घेऊन गेले होते. पार्किंगपासून शटल बस वरपर्यंत नेते, पण त्यानंतर दरवाजातून आत शिरल्यावर गोल गोल वळत चढणारा दगडी रस्ता आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढावं. आत पहिल्याच दालनात भिंतभर होहेनत्सोलर्न या राजघराण्याची वंशावळ रंगवलीय, सासरे तिथेच अडकले, एकेका नावावर बोट धरून (लांबूनच) वाचत बसले. पहिला किल्ला १४२३ मध्ये श्वाबियातल्या (म्हणजे या आपल्याच भागातल्या) शहरांनी वेढा घालून पाडला, १४५४ पासून दुसरा उभा राहिला, तोही पडीक झाला, आणि आत्ता दिसतो तो तिसरा, १८५० ते १८६७ मधला. प्रशियाचा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा राजपुत्र असताना १८१९ मध्ये इथे आला होता, आपल्या पूर्वजांची ही जागा अशी पडलेली बघून पुन्हा बांधायचं त्याच्या मनात भरलं, पण काम पुरं व्हायच्या आधीच १८६१ ला तो गेला. सासरे म्हणाले, म्हणजे आपल्याकडे सत्तावन्नचं बंड चाललं होतं तेव्हा हे दगड चढत होते.

आणखी एक, याच घराण्यातला प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट, त्याची शवपेटी दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं याच किल्ल्यावर होती, १९९१ मध्ये पॉट्सडामला परत नेली. किल्ल्याचा फोटो हवा असेल तर किल्ल्यावर नाही, समोरच्या त्सेलर होर्नवर जा. सकाळी धुकं खाली असताना तर बघतच राहाल.

रॉयटलिंगेनहून :

लिख्टेनस्टाईनबद्दल मी लिहितो, घरापासून जवळ आहे, वर्षातून एकदा तरी जाणं होतंच. (देश वेगळा, हा किल्ला वेगळा, पाहुण्यांचा हमखास गोंधळ होतो.) होनाऊ गावातून जंगलातली चढण घ्या, दम लागतो पण मजा तीच आहे. वर आलात की एक कडा, त्यापासून सुटलेला एक सुळका, मध्ये छोटा पूल आणि सुळक्यावर एवढासा किल्ला, खाली एकदम एखात्झ नदीची दरी. विल्हेल्म हाउफने १८२६ मध्ये याच नावाची कादंबरी लिहिली, ती इतकी चालली की वुर्टेंबर्गच्या काउंट विल्हेल्मने १८४० ते ४२ मध्ये गोष्टीतला किल्ला खरोखरचा बांधून घेतला. बरेच लोक म्हणतात हा काय किल्ला, खोटा आहे. मला हे अजिबात पटत नाही. पुस्तक वाचून माणसं एवढी पेटली की डोंगरावर दगड चढवले, हाही इतिहासच आहे ना? आणि ज्यांना जुनंच बघायचंय त्यांनी थोडं पुढे चालत जावं, आल्ट-लिख्टेनस्टाईनचे अवशेष झाडीत आहेत, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

आतली टूर छोटी आहे, खोल्या अरुंद, बाबागाडी बाहेरच ठेवावी लागेल.

श्टुटगार्टहून, मूळ पुणे :

माझं मत विचाराल तर होहेननॉयफेन. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला तिथे लगेच ओळखीचं वाटतं, कारण आल्बचा हा उत्तरेकडचा कडा आपल्या घाटमाथ्यासारखाच सरळ तुटलेला आहे, फक्त दगड बेसाल्ट नाही, चुनखडी. नॉयफेन गावातून द्राक्षाच्या मळ्यांमधून वर चढायचं, ७४३ मीटर, आणि मग एकदम त्या भिंती येतात. भिंतीच्या आतून चालत गेलात तर जाडी कळते, मी एका झरोक्यात आडवा हात घातला तर बाहेरची हवा बोटांना लागत नव्हती. १५२५ च्या शेतकरी बंडात हा पडला नाही. तीस वर्षांच्या युद्धात मात्र लांबलेल्या वेढ्यानंतर १६३५ ला शरण गेला. पुढे तुरुंग झाला, वुर्टेंबर्गच्या ड्यूकचा ज्यू वित्त सल्लागार योझेफ झ्युस ओपेनहायमर याला १७३७ मध्ये आधी इथेच डांबलं होतं, दुसऱ्या वर्षी श्टुटगार्टला फाशी दिली. त्या खटल्याबद्दल जरूर वाचा, वाचून फार अस्वस्थ व्हायला होतं.

१८०१ पासून किल्ला पाडायला काढला तेव्हा आसपासच्या गावकऱ्यांनी दगड नेऊन घरं बांधली. आणि मग २ ऑगस्ट १९४८ ला याच पडक्या किल्ल्यावर तीन राज्यांचे पुढारी एकत्र बसून एक राज्य करायची बोलणी झाली, १९५२ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग झालं. आपण ज्या राज्यात राहतो, टॅक्स भरतो, त्याची बोलणी इथे झालीत हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? फिरायला तिकीट नाही, वर खायची सोय आहे.

किर्शहाइमहून :

लहान मुलं असतील तर रॉयसेनस्टाईनला न्या! गाडी जवळपर्यंत जाते, थोडंसंच चालायचं, आणि नाईडलिंगेनच्या दरीवर लोंबकळतोय असं वाटणारा पडका किल्ला. एप्रिलमध्ये खाली चेरीची झाडं फुललेली असतात. जायच्या आधी मुलांना हाइम राक्षसाची गोष्ट सांगा. समोरच्या गुहेत राहणाऱ्या राक्षसाला किल्ला हवा होता पण बांधता येईना, म्हणून त्याने दरीतल्या कारागिरांना ओरडून बोलावलं. सगळं झालं, पण सगळ्यात वरच्या खिडकीबाहेर एक खिळा राहिला आणि राक्षस म्हणाला खिळा बसल्याशिवाय पैसे नाहीत. सगळे घाबरले, शेवटी एक गरीब कुलूपवाला पोरगा पुढे झाला, राक्षसाने त्याला मानगुटीला धरून खिडकीबाहेर दरीवर धरलं आणि त्याने खिळा ठोकला. माझी मुलगी प्रत्येक खिडकीपाशी थांबून विचारत होती, ही ती खिडकी का? मुलांचा हात मात्र सोडू नका, खाली खरंच खोल आहे.

ट्युबिंगेनहून :

मी इथे मास्टर्स करतेय, स्टुडंट पासवर जाता येतं तिथे तिथे जाते. मला होहेनउराख आणि ग्राफेनएकबद्दल एकत्र लिहायचंय, कारण दोन्ही एकमेकांना जोडलेले आहेत.

बाड उराखला बहुतेक सगळे धबधबा बघायला जातात, ३७ मीटरचा. तिथूनच किल्ल्याची वाट फुटते. वर कमानी, अर्ध्या भिंती आणि मधे वाढलेलं गवत. निकोडेमुस फ्रिशलिन नावाचा कवी इथे कैदेत होता, ट्युबिंगेनच्याच विद्यापीठात शिकवायचा. १५९० च्या नोव्हेंबरात त्याने कापडाच्या पट्ट्यांचा दोर करून पळायचा प्रयत्न केला, दोर तुटला आणि खालच्या खडकांवर पडून गेला. त्या कड्यावरून खाली बघितलं तेव्हा पोटात गोळा आला.

१७६५ नंतर ड्यूक कार्ल ऑयगेनने हा किल्ला पाडून त्याचे दगड ग्राफेनएकला नेले, तिथला शिकारीचा महाल वाढवायला. म्हणून मी पुढे ग्राफेनएकला गेले. बाहेरून छान आहे, टेकडीवर पांढरी इमारत, भोवती झाडं. १९४० मध्ये, जानेवारी ते डिसेंबर, नाझींनी इथे १०,६५४ अपंग आणि मनोरुग्ण माणसांना गॅसने मारलं. दक्षिण जर्मनीतल्या संस्थांमधून करड्या बसमधून आणायचे आणि आणलं त्याच दिवशी मारायचे. ज्या शेडमध्ये हे केलं ती १९६५ ला पाडली. आता तिथे स्मारक आहे आणि २००५ पासून माहिती केंद्र. वाचत गेले तशी घरच्यांना आलेली खोटी पत्रं कळली, कधी अपेंडिक्स, कधी न्यूमोनिया. माझा चुलतभाऊ जन्मापासून मतिमंद आहे, मला ते पुढे वाचवेना, बाहेर बाकावर जाऊन बसले.

आणि महत्त्वाचं म्हणजे आज त्याच महालात आणि आवारात पुन्हा अपंग माणसं राहतात, काम करतात. महाल १९२० च्या दशकाअखेरीस त्यांच्यासाठीच घेतला होता, नाझींनी तो बळकावला आणि युद्धानंतर तो परत मिळाला. पिकनिक म्हणून जाऊ नका, मुलं मोठी असतील तर बरोबर न्या आणि वेळ काढून जा.

उल्महून :

ट्युबिंगेनच्या ताई, वाचून सुन्न झालो. ग्राफेनएक यादीत टाकलं.

माझ्याकडून झिगमारिंगेन. डॅन्यूबच्या काठावर, ट्रेनने आरामात होतं. शस्त्रागार बघाच, तीन हजारांच्या वर हत्यारं आहेत, तलवारी, भाले, चिलखतं, दोन तास कमी पडतात. १९४४ च्या सप्टेंबरपासून हा महाल पळून आलेल्या फ्रेंच व्हिशी सरकारला (जर्मनांशी हातमिळवणी केलेलं सरकार) दिला होता, त्याचा प्रमुख मार्शल पेतँ याला इथेच ठेवलं होतं.

ग्योपिंगेनहून :

खाण्याचं कोणीच लिहिलं नाही म्हणून. व्हेजवाल्यांसाठी केजश्पेट्झले (चीज घातलेल्या इथल्या जाड शेवया) सगळीकडे मिळतं. मसूर-श्पेट्झले सांगताना मात्र सॉसेज आणि बेकन नको हे आधी सांगा. इथला जुना आल्बचा मसूर मधल्या काळात नाहीसाच झाला होता, २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बियाण्यांच्या संग्रहात त्याचं बी सापडलं आणि शेतकऱ्यांनी पुन्हा लावलं. घरी आणून कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून आमटी केली, उत्तम होते.

दुसरं म्हणजे चालायची आवड असेल तर लाल त्रिकोणाची खूण धरा. श्वेबिशर आल्बफेराइन ही १८८८ ची संस्था, स्वयंसेवक खुणा रंगवतात, वाटा सांभाळतात. तो लाल त्रिकोणाचा मार्ग डोनाउव्योर्टपासून टुटलिंगेनपर्यंत कड्याकड्याने जातो, वर आलेले बरेच किल्ले त्याच वाटेवर आहेत. टेक किल्ला तर या संस्थेच्याच मालकीचा आहे. टेकखाली सिबिलेची गुहा आहे, टॉर्च न्या. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणच्या वेळा कमी होतात, काही बंदच असतात, आणि सोमवारी वर जेवण मिळेलच असं नाही, निघायच्या आधी वेबसाईट बघून घ्या. होहेनरेखबेर्गला कोणी गेलंय का? पाहुणे येतायत, वरपर्यंत चढ किती आहे ते सांगा.