पेज टेबलचं पान सोडताना: आधी फ्लश, मग फ्री

पेज टेबल म्हणजे आभासी पत्त्याचं खऱ्या मेमरी पत्त्यात भाषांतर करायला लागणारं, अनेक पातळ्यांचं टेबल. "वरच्या पातळीवरचा पॉइंटर शून्य केला की खालचं टेबल कुणाच्याच हाती लागत नाही, मग ते लगेच फ्री करा" असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते मला पटत नाही. एक्स८६ प्रोसेसर फक्त शेवटचं भाषांतरच टीएलबीत (झालेली भाषांतरं जपून ठेवणाऱ्या कॅशमध्ये) ठेवतो असं नाही. मधल्या पातळ्यांचे पॉइंटरही तो वेगळ्या कॅशमध्ये ठेवू शकतो. म्हणजे मेमरीत तुम्ही एंट्री पुसलीत, तरी दुसऱ्या कोअरला जुनं पान अजून माहीत असू शकतं. ते पान तोवर दुसऱ्या कामाला गेलं, तर तिथला डेटा एंट्री समजून वाचला जाणार. समजा तिथे कुणीतरी ६४ बिटी मोजणी ठेवलीय आणि आकडा आहे 7. हार्डवेअरला त्यात प्रेझेंट, रायटेबल आणि यूजर हे तिन्ही बिट चालू दिसतात. वॉक करताना (पत्ता शोधत टेबलं वाचताना) त्याने अॅक्सेस्ड बिट, म्हणजे शून्यापासून मोजल्यास क्रमांक 5 चा, किंमत 32, चालू केला की तुमचे 7 चे 39 झाले! असला बग शोधताना जीव जातो.

म्हणून क्रम असा: एंट्री पुसा, सगळ्या संबंधित कोअरवर फ्लश करा (म्हणजे कॅशमधल्या जुन्या नोंदी काढून टाका), मगच पान सोडा. लिनक्समधली एमएमयू गॅदर ही यंत्रणा हेच करते. कर्नल थ्रेड (स्वतःचं पेज टेबल नसलेला, कर्नलचाच थ्रेड) चालवणाऱ्या कोअरच्या सीआर३ मध्ये, म्हणजे चालू टेबलाचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, मागच्या प्रोसेसचंच टेबल राहिलेलं असू शकतं. एरवी अशा कोअरला फ्लशचा इंटरप्ट टाळता येतो, पण टेबलंच फ्री होत असतील तर लिनक्स त्यांनाही तो पाठवतं. तुमच्या कर्नलमध्ये इंटरप्ट टाळायची ही सवलत ठेवणार असाल तर हा अपवाद पहिल्या दिवसापासून घाला.