मदत हवी आहे : पिकअप पन्नाशीला हादरते, रिव्हर्सला ‘टक्क’, क्रॉस बदलू की अख्खा शाफ्ट?

उसाचा_मळा
गाडी पन्नासच्या पुढं गेली की बुडाखाली घरघर सुरू, सीटपर्यंत हादरा येतोय. रिव्हर्स टाकला की मागं टक्क वाजतंय. मिस्त्री म्हणतोय अख्खा शाफ्ट (गिअरबॉक्सपासनं मागच्या चाकांना फिरवणारा दांडा) बदला. शनिवारी गूळ भरून गगनबावड्यातनं खाली कोकणात उतरायचंय. नुसता क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा, बदलून भागेल का, एवढंच सांगा. लवकर.

टॉमीपाना
कुठली गाडी? शाफ्ट एकसंध का मध्ये आधाराला सेंटर बेअरिंग? क्लच दाबला की हादरा थांबतोय का? रिकामीला जास्त का भरलेलीला?

चारचाकी_चिंतन
आधी टायर बघा. रिमोल्ड (जुन्यावर नवा रबर चढवलेले) असतील तर पन्नासला हादरणारच. बॅलन्सिंग करून घ्या, निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

टॉमीपाना
टायरचा हादरा चाकाच्या वेगानं येतो, धपधप. शाफ्ट डिफ्रेन्शलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या गड्ड्याच्या) रेशोप्रमाणे चाकाच्या तीन-चारपट फिरतो, म्हणून त्याची बारीक घरघर लागते. आणि रिव्हर्सला टक्क टायर कसा वाजवेल, भाऊ?

उसाचा_मळा
टाटा २०७ डीआय, २००८ ची. शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. साठला न्यूट्रल करून बघितली, हादरा तसाच. आता सांगा.

सिटी_राइड
वळताना कटकट येते का? मग सीव्ही जॉइंटचं (पुढची चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचं) रबरी बूट फाटलंय. ग्रीस उडून वाळू आत जाते. बूट किट घाला, क्लिपा नवीन वापरा.

टॉमीपाना
ह्या गाडीला पुढच्या चाकांना ड्राइव्हच नाही हो. सीव्ही कुठनं आणायचा?

लेथवर
न्यूट्रलला पण हादरतंय म्हणजे इंजिन-क्लच सुटले. आता खाली झोपा. सपाट जागा, पुढच्या-मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड, गिअर न्यूट्रल. हँडब्रेकवर विसंबू नका, आणि शाफ्ट सुटल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडी पण गडगडते हे ध्यानात ठेवा.

एका हातानं शाफ्ट, दुसऱ्यानं पलीकडचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा काटा) धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये केसाएवढा जरी खेळ दिसला तरी क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या तोंडाशी लालसर भुकटी असेल तर आतल्या सुया कोरड्या चालून गंजल्यात, पिळायची पण गरज नाही. मग शाफ्ट वर-खाली ढकला. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर शाफ्ट ब्रॅकेटमध्ये डुलतो. शेवटी पिनियनचा (डिफ्रेन्शलात शिरणाऱ्या गिअरचा) फ्लँज, म्हणजे शाफ्ट बोल्टनं जोडतो ती चकती. गोल फिरवताना थोडी ढिलाई असतेच, ती दातांची. वर-खाली हलला तर मात्र पिनियनचं बेअरिंग. ते काम वेगळं, आणि तो नट अंदाजानं आवळायचा नसतो.

उसाचा_मळा
मागच्या क्रॉसला लाल भुकटी आहे. सेंटरचं रबर चांगलं दिसतंय. म्हणजे क्रॉसच ना? मग मी घरीच बदलतो.

लेथवर
बदला, पण शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर आणि स्लायडिंग स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी सरकत्या जोडावर) छिन्नीनं खुणा करा. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत यायला पाहिजेत. स्प्लाइन एक दात चुकली की नवीन क्रॉस घालून पण गाडी हादरते, आणि मग दोष पार्टला.

सर्क्लिपच्या (कप अडवणाऱ्या कडीच्या) खाचेतली माती वायर ब्रशनं काढा, गंजतेल मारून तासभर सोडा. व्हाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल अशी मोठी. दाबत जायचं, कप मोठ्या गोटीत निघतो. जुना क्रॉस फेकू नका, दुकानात घेऊन जा. कपाचा व्यास आणि दोन कपांमधली टोक-ते-टोक लांबी कॅलिपरनं जुळवून घ्या.

हातोडी_छाप
व्हाइस कशाला? दोन विटांवर टेकवायचा आणि हाणायचा. दहा मिनिटांत क्रॉस बाहेर.

लेथवर
आणि योकचा कान वाकला की? नवीन कप तिरका बसतो, महिन्यात परत आवाज. नळीला पोचा पडला तर बॅलन्सिंग पण गेलं. नळीवर वेल्ड केलेले पत्र्याचे छोटे तुकडे दिसतील, ती बॅलन्सची वजनं. कचरा समजून खरवडू नका.

बसवताना खरी गंमत सुयांची. कपातल्या सगळ्या सुया ग्रीसनं भिंतीला चिकटवून उभ्या ठेवा. एक जरी आडवी पडून तळाला गेली तर कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिप खाचेत बसत नाही. अशा वेळी ठोकायचं नाही, कप काढून बघायचं. ग्रीस निप्पल गन पोचेल त्या बाजूला. बसल्यावर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीनं हलके दोन ठोके द्या, जॉइंट दोन्ही दिशांना हातानं मऊ फिरला पाहिजे. मग लिथियम ईपी २ नंबर ग्रीस, चारी कपांतनं बाहेर येईपर्यंत. तीनच कपांतनं आलं तर चौथा उद्या कोरडा मरणार. फ्लँजला हाय टेन्साइल बोल्ट, लॉकनट नवेच.

चारचाकी_चिंतन
एवढ्या उठाठेवीपेक्षा गाडी विकून सीएनजी घ्या.

टॉमीपाना
माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही. रिकामी जास्त हादरते का भरलेली?

उसाचा_मळा
रिकामी. भरली की बरीच गप बसते. का?

टॉमीपाना
मागं स्प्रिंगला पाटा वाढवलाय का?

उसाचा_मळा
दिवाळीच्या आधी एक ज्यादा पाटा घातलाय, गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आत. त्याचा काय संबंध?

टॉमीपाना
हे पहिल्या ओळीत लिहायचं की राव! पाट्यानं रिकामी गाडी मागनं उचलली, मागचा शाफ्ट जास्त उतरता झाला. क्रॉसमधनं तिरका फिरताना शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो नि सोडतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाचं दुसरा फेडतो, कोन बिघडले की शिल्लक राहतो तोच तुमचा हादरा. भरल्यावर गाडी बसते, कोन जागेवर येतो. टक्क क्रॉसची, घरघर पाट्याची, असा माझा अंदाज. क्रॉस घाला, पाटा काढून एक फेरी मारा.

हातोडी_छाप
पाटा काढायचा कशाला? स्प्रिंगखाली पाचर मारा.

लेथवर
कोन मोजल्याशिवाय पाचर म्हणजे जुगार. २०७ ला स्प्रिंग ॲक्सलच्या वर, तेव्हा पिनियनचं नाक वर करायला जाड बाजू मागं जाते. उलटी गेली तर आहे त्यापेक्षा वाईट.

उसाचा_मळा
क्रॉस बदलला. जुन्याच्या दांड्यावर सुयांच्या खाचा पडल्यात, नख अडकतंय. टक्क बंद. पाटा काढून उजळाईवाडीपर्यंत रिकामी नेली, सत्तरला पण शांत. पण पाट्याशिवाय शनिवारचा माल कसा न्यायचा?

टॉमीपाना
दोन खेपा करा. आणि शेपाचशे किलोमीटरनं फ्लँजचे बोल्ट परत आवळा.

सिटी_राइड
गूळ सेंद्रिय आहे का? दहा किलोचा रवा, म्हणजे ढेप, कितीला?